समुद्रतळावरची रेघ : प्रवाळभित्तींच्या मोजणीचा इतिहास

प्रवाळभित्तीचे आरोग्य पाण्याखाली उतरून मोजण्याचे शास्त्र अवघ्या शंभर वर्षांत घडले, आणि ते मुख्यतः अशा अभ्यासकांनी घडवले, ज्यांनी समुद्रतळावर एखादी रेघ आखली, तिची नेमकी नोंद ठेवली आणि काही वर्षांनी ते स्वतः किंवा त्यांच्या मागून आलेले कोणी त्याच रेघेवर पुन्हा उतरले. एकाच भेटीत पाहिलेली भित्ती कितीही बारकाईने वर्णिली, तरी ती वाढते आहे, टिकून आहे की झिजते आहे, हे त्या वर्णनातून कळत नाही. ते कळते दोन नोंदींमधल्या फरकातून. या विद्येच्या इतिहासात नवी उपकरणे अनेक आली, परंतु तिचे खरे मोठे टप्पे जुन्या जागी परत जाण्याचे आहेत.

प्रवाळ हा प्राणी आहे. पॉलिप या नावाने ओळखले जाणारे त्याचे लहानसे, स्पर्शकांनी वेढलेले शरीर आपल्या तळाशी चुन्याचा सांगाडा रचते, आणि असंख्य पॉलिपांच्या वसाहतींच्या पिढ्यानपिढ्यांच्या सांगाड्यांतून जो खडक उभा राहतो, त्यास प्रवाळभित्ती म्हणतात. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या ऊतींत झूझँथेली नावाची सूक्ष्म एकपेशीय शैवाले राहतात, सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमान प्राण्याला देतात. म्हणूनच भित्ती उथळ, उबदार आणि बहुधा नितळ पाण्यात वाढते. तिचा वरचा जिवंत थर अत्यंत पातळ असतो आणि त्याखालचे सारे दगडच असते. हा थर किती जागा व्यापतो, हे प्रमाण म्हणजेच जिवंत प्रवाळांचे आच्छादन, आणि भित्तीच्या प्रकृतीचे पहिले मोजमाप म्हणून आजही तेच घेतले जाते.

एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांना मात्र या पातळ थराहून खालच्या दगडाचे कुतूहल अधिक होते. चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, ज्वालामुखी बेट हळूहळू खचत जाते, त्याच्या कडेची भित्ती वर वाढत राहते आणि शेवटी बेट बुडाल्यावर मागे केवळ खाऱ्या सरोवराभोवतीचे प्रवाळांचे कडे, म्हणजे कंकणद्वीप, उरते. हे पडताळण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात प्रशांत महासागरातील फुनाफुटी येथे खोल छिद्रे पाडली, तरी ज्वालामुखीचा खडक लागला नाही. तो लागला १९५२ मध्ये, एनिवेटॉक येथे, बाराशे मीटरांहून अधिक खोलीवर. केंब्रिजचे जे. स्टॅन्ली गार्डिनर १८९९ मध्ये मिनिकॉय, लक्षद्वीप आणि मालदीव येथे आले, तेही प्रामुख्याने प्राणिसृष्टीची नोंद घेण्यासाठी आणि भित्तींच्या घडणीचा उलगडा करण्यासाठी. भित्ती आजारी पडू शकते, ही शंका त्या काळी फारशी कुणाच्या मनात आलेली दिसत नाही. लक्षावधी वर्षांच्या हिशेबाने पाहिलेल्या वस्तूची वर्षावर्षाची प्रकृती तपासण्याचे कारणही त्यांना नव्हते.

ते कारण पुढे आणणाऱ्यांत अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड मेयर यांचा मान पहिला आहे. कार्नेगी संस्थेच्या वतीने त्यांनी फ्लॉरिडाच्या टोकाशी असलेल्या ड्राय टॉर्टुगास बेटांवर १९०४ च्या सुमारास प्रयोगशाळा उभारली आणि तेथे निरनिराळ्या प्रवाळांना तापवलेल्या पाण्यात ठेवून ते कोणत्या तापमानाला दगावतात, हे पाहिले. उष्ण कटिबंधातील प्रवाळ आपल्या सहनशक्तीच्या वरच्या मर्यादेपासून काही अंशांच्याच अंतरावर जगत असतात, हा त्यांचा निष्कर्ष १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आजच्या सगळ्या चिंतेचे बीज त्यात आहे. मेयर यांचे दुसरे काम त्याहून साधे होते आणि नोंदींच्याच साक्षीने अधिक टिकाऊ ठरले. सामोआतील पागो पागो या बंदराच्या काठी आउआ नावाचे गाव आहे. १९१७ मध्ये त्यांनी तेथे किनाऱ्यापासून भित्तीच्या समुद्राकडील कडेपर्यंत एक सरळ रेषा आखली आणि तिच्यावर ठरावीक अंतरांवर चौरस आखून प्रत्येकातील प्रवाळांच्या वसाहती मोजल्या. अशा रेषेला क्षेत्राभ्यासाच्या भाषेत ट्रान्सेक्ट म्हणतात. पाण्याखाली पाहण्यासाठी त्यांनी वरून हवेचा पुरवठा होणारे पाणबुड्यांचे शिरस्त्राण वापरले, जे शास्त्रज्ञांच्या हाती तेव्हा क्वचितच दिसे.

मेयर १९२२ मध्ये टॉर्टुगास येथेच वारले आणि सामोआवरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये निघाला. आउआची रेषा मात्र कागदावर शिल्लक होती, आणि ५६ वर्षांनी, १९७३ मध्ये, आर्थर डॉल व ऑस्टिन लॅम्बर्ट्‌स या अभ्यासकांनी ती जागा शोधून काढून पुन्हा मोजणी केली. मधल्या काळात बंदरात गाळ उपसला गेला होता, भराव पडले होते आणि टुना माशांच्या डबाबंदीचे कारखाने उभे राहून त्यांचे सांडपाणी पाण्यात मिसळू लागले होते. प्रवाळांत झालेली घट या बदलांशी ताडून पाहता आली, ती केवळ १९१७ ची आकडेवारी हाती होती म्हणून. पुढेही या रेषेवर वेळोवेळी मोजणी होत राहिली. मेयर यांना ही तुलना अभिप्रेत होती की नाही, यापेक्षा महत्त्वाचे हे की, त्यांनी जागा आणि पद्धत इतक्या स्पष्टपणे लिहून ठेवली की परक्या माणसाला दोन पिढ्यांनंतर तेथे उभे राहता आले.

त्याच तोलाचे दुसरे काम ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत झाले. ग्रेट बॅरियर रीफ ही सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेली, जवळपास ३,००० लहानमोठ्या भित्तींची मालिका आहे, आणि तिच्यातील लो आयल्स या दीपगृहाच्या चिमुकल्या बेटावर १९२८ च्या जुलैपासून १९२९ च्या जुलैपर्यंत ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या तुकडीने मुक्काम ठोकला. तिचे प्रमुख मॉरिस यंग तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते, आणि त्या काळच्या शास्त्रीय मोहिमांत अपवादानेच आढळावी अशी गोष्ट म्हणजे तुकडीत स्त्री शास्त्रज्ञही होत्या. समुद्राच्या पाण्याचे तापमान, क्षार आणि प्लवक यांची वर्षभर अखंड नोंद शीना मार्शल आणि ए. पी. ऑर यांनी ठेवली, तर सिडनी मँटन यांनी भित्तीवर आखलेल्या पट्ट्यांतील एकेका वसाहतीचे स्थान आणि आकार नकाशावर उतरवला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पृष्ठभागावर चालून आणि त्याखाली शिरस्त्राण घालून केलेले हे रेखाटन आजही इतके विश्वसनीय मानले जाते की, इस्रायली व ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ दशकांची तुलना त्याच्याच आधारे केली आणि कठीण प्रवाळांची जागा बऱ्याच ठिकाणी मऊ प्रवाळांनी घेतल्याचे, तसेच भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील अपृष्ठवंशी प्राण्यांची विविधता घटल्याचे दाखवले.

लो आयल्सवरच यंग आणि त्यांचे सहकारी ए. जी. निकोल्स यांना उष्णतेने वा उपासमारीने त्रस्त झालेले प्रवाळ आपल्या ऊतींतील शैवाले बाहेर टाकतात, हे आढळले, आणि १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. शैवाले गेली की पारदर्शक ऊतींतून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच आता विरंजन म्हणतात. विरंजन झालेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, पाणी लवकर थंड झाले तर तो शैवाले पुन्हा मिळवू शकतो, पण ताण आठवडेन् आठवडे लांबला तर तो उपासमारीने आणि रोगाने मरतो. ही निरीक्षणे पुढील अर्धशतक शरीरक्रियेतील एक कुतूहल म्हणूनच वाचली गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले, कारण जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये सिद्ध केलेल्या श्वसनयंत्रामुळे हवेच्या नळीशिवाय पाण्याखाली मोकळेपणाने फिरता येऊ लागले. जमैकात थॉमस गोरो यांनी या साधनाने भित्तीच्या खोल उतारापर्यंतचे पट्टे अभ्यासले आणि १९५९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हवाईत व्हर्नन ब्रॉक यांनी १९५४ मध्ये रेषेवरून पोहत जात दोन्ही बाजूंचे मासे मोजण्याची रीत मांडली. इस्रायलचे योसी लोया यांनी तांबड्या समुद्राच्या टोकाशी असलेल्या एलात येथे दहा मीटरांची दोरी तळावर ताणून तिच्याखाली येणाऱ्या प्रत्येक वसाहतीची लांबी मोजली, आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीचे रूप पुढे जगभर रूढ झाले. अमेरिकी परिस्थितिविज्ञ जोसेफ कॉनेल यांनी ग्रेट बॅरियर रीफवरील हेरन बेटावर १९६० च्या दशकाच्या आरंभी भित्तीत खुंट रोवून कायमच्या चौकटी नक्की केल्या आणि त्यांची छायाचित्रे वर्षानुवर्षे घेतली. शेतजमिनीच्या मोजणीत हद्दीच्या दगडाला जे स्थान असते, तेच या खुंटांना मिळाले: वादळाने सारे प्रवाळ उखडून नेले तरी कोणत्या चौकटीत आधी काय होते आणि नंतर कोण येऊन वसले, हे त्यांच्यामुळे सांगता आले. तीस वर्षांचा हा वृत्तांत १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या काळातील एक घटना भारतीय वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. प्रवाळभित्तींवरील आंतरराष्ट्रीय परिसंवादांच्या मालिकेतील पहिला परिसंवाद १९६९ च्या जानेवारीत तमिळनाडूतील मंडपम् येथे, भारतीय सागरी जीवशास्त्र संघटनेच्या पुढाकाराने भरला. मंडपम् हे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे ठाणे होते आणि तेथील सी. एस. गोपीनाथ पिल्लै यांनी मन्नारचे आखात व मिनिकॉय येथील कठीण प्रवाळांची ओळख पटवण्याचे मूलभूत काम केले. कोणता प्रवाळ कोणत्या प्रजातीचा, हे पाण्याखाली ओळखता आल्यावाचून मोजणीला अर्थ नसतो, म्हणून वर्गीकरणाच्या या कष्टाळू कामाचे ऋण पुढील प्रत्येक पाहणीवर आहे.

नियमित देखरेखीची गरज सरकारांना पटली ती एका ताऱ्यासारख्या प्राण्यामुळे. काटेरी मुकुट या नावाने ओळखला जाणारा मोठा तारामासा आपले जठर तोंडातून बाहेर काढून प्रवाळावर पसरतो आणि जिवंत थर पचवून मागे पांढरा सांगाडा सोडतो. एरवी तुरळक आढळणारा हा तारामासा १९६२ च्या सुमारास ग्रेट बॅरियर रीफवरील ग्रीन बेटावर प्रचंड संख्येने दिसला आणि नंतरच्या वर्षांत त्याचे थवे एका भित्तीवरून दुसरीकडे पसरत गेले. क्वीन्सलंड विद्यापीठाचे रॉबर्ट एंडीन यांनी त्याचा दोष त्याला खाणाऱ्या मोठ्या शंखांच्या बेसुमार वेचणीला दिला, इतरांनी हा निसर्गाचाच चढउतार मानला, आणि पुढे नद्यांतून येणाऱ्या पोषकद्रव्यांमुळे त्याच्या अळ्यांना मुबलक अन्न मिळते, हेही कारण पुढे आले. वाद तीव्र होता, कारण पूर्वी असे काही घडले होते का, हे सांगणारी नोंदच कोणापाशी नव्हती.

शेकडो भित्ती थोड्या काळात पाहायच्या तर दोरी ताणून भागत नव्हते. त्यासाठी ग्वाम व मायक्रोनेशियाच्या १९६९ च्या पाहणीत वापरलेली आणि पुढे ऑस्ट्रेलियात सुघटित झालेली मँटा टो ही रीत उपयोगी पडली. तीत लहान होडीमागे दोराने एक फळी बांधतात, मुखवटा आणि श्वासनळी लावलेला निरीक्षक ती फळी धरून पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढला जातो, दर दोन मिनिटांनी होडी थांबते आणि तेवढ्या पट्ट्यात जिवंत प्रवाळ किती, मेलेले किती, तारामासे किती, हे तो फळीवरील तक्त्यात लिहितो. आच्छादनाचा अंदाज शून्य ते पाच अशा श्रेणींत नोंदवला जातो, ज्यात एक म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत आणि पाच म्हणजे पाऊणहून अधिक. अशा रीतीने एका भित्तीला पूर्ण वळसा घातला जातो. ही पद्धत ढोबळ आहे, डोळ्यांच्या सरावावर अवलंबून आहे, आणि म्हणूनच निरीक्षकांना एकत्र पाण्यात उतरवून त्यांचे अंदाज एकमेकांशी जुळवून घेण्याचा परिपाठ तिचा अविभाज्य भाग झाला. तिचे बळ तिच्या व्याप्तीत आणि सातत्यात आहे.

टाउन्सव्हिल येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सने १९८० च्या दशकात ही पाहणी हाती घेतली आणि १९९० च्या दशकात तिच्या जोडीला कायमच्या रेषा आखल्या. निवडलेल्या भित्तीच्या एकाच बाजूला, सहा ते नऊ मीटर खोलीवर, तीन जागी प्रत्येकी पाच रेषा, प्रत्येक रेषा ५० मीटरांची, आणि ती पुन्हा सापडावी म्हणून तळात ठोकलेल्या लोखंडी सळ्या, असे तिचे स्वरूप आहे. पाणबुडे जोडीने उतरतात. एक जण फीत सोडण्यापूर्वीच मासे मोजत पुढे जातो, कारण माणसाच्या वावराने मासे पांगतात, आणि दुसरा तळाची छायाचित्रे घेतो, ज्यांवर नंतर ठरावीक बिंदू टाकून प्रत्येक बिंदूखाली काय आहे, ते संगणकावर नोंदवले जाते. पाच सेंटिमीटरांहून लहान, नुकतेच रुजलेले प्रवाळ आणि रोगाच्या खुणाही वेगळ्या मोजतात. २०१२ मध्ये या संस्थेच्या संशोधकांनी २१४ भित्तींवरील २,२५८ पाहण्या एकत्र करून दाखवले की, १९८५ पासूनच्या २७ वर्षांत सरासरी आच्छादन २८ टक्क्यांवरून १३.८ टक्क्यांवर आले होते, आणि या हानीचे अंदाजे ४८ टक्के चक्रीवादळांमुळे, ४२ टक्के तारामाशामुळे व १० टक्के विरंजनामुळे घडले होते. कारणांची अशी वाटणी करणे शक्य झाले, कारण निरीक्षक प्रत्येक घावानंतर त्या जागी परतले होते.

अशा सातत्याची किंमत जमैकातही कळून आली. तेथे १९८० मध्ये ॲलन चक्रीवादळ आले, १९८३ मध्ये शैवाल चरून खाणारा लांब काट्यांचा सागरी अर्चिन अज्ञात रोगाने संपूर्ण कॅरिबियनभर जवळपास नाहीसा झाला, आणि शैवाल खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच कमी झालेले असल्याने खडकावर शैवालाचे राज्य आले. टेरी ह्यूज यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार १९७० च्या दशकाच्या अखेरीस पन्नास टक्क्यांहून अधिक असलेले प्रवाळांचे आच्छादन १९९३ पर्यंत पाच टक्क्यांखाली घसरले. गोरो यांनी पाहिलेली भित्ती ज्याने पाहिली नाही, अशा पुढच्या पाणबुड्याला शैवालाने झाकलेला उतार स्वाभाविकच वाटला असता. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये नेमका हाच धोका दाखवून दिला: प्रत्येक पिढी आपण प्रथम पाहिलेल्या स्थितीलाच मूळ स्थिती मानते आणि ऱ्हास पिढीगणिक नजरेआड होत जातो.

१९९८ च्या एल निन्योत, म्हणजे प्रशांत महासागराच्या पृष्ठभागाचे पाणी असाधारण तापण्याच्या काळात, जगभर विरंजन झाले आणि जगातील सुमारे १६ टक्के भित्तींची गंभीर हानी झाल्याचा अंदाज वर्तवला गेला. त्याच सुमारास उपग्रहांवरून समुद्राच्या तापमानाची नोंद ठेवून धोक्याचा इशारा देणे सुरू झाले. नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा पाणी किती अंशांनी आणि किती आठवडे अधिक तापले, याचा गुणाकार करून काढलेला आकडा चारच्या पुढे गेला की विरंजन आणि आठच्या पुढे गेला की व्यापक मृत्यू संभवतो. तरीही उपग्रहाला उष्णता दिसते, प्रवाळ मेला की सावरला, हे पाण्यात उतरूनच पाहावे लागते. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक प्रवाळभित्ती देखरेख जाळ्याच्या २०२० सालच्या अहवालात ७३ देशांतील १२,००० हून अधिक ठिकाणांची माहिती एकत्र आली, आणि २००९ ते २०१८ या काळात जगाने आपल्या कठीण प्रवाळांपैकी सुमारे १४ टक्के गमावल्याचे त्यातून दिसले.

एका आकड्यावर विसंबण्यातला धोकाही याच नोंदींनी शिकवला. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर व मध्य भागांत २०२२ मध्ये आच्छादन ३६ वर्षांतील सर्वाधिक नोंदले गेले, तेव्हा अनेकांनी संकट टळल्याचा अर्थ काढला. परंतु ही वाढ मुख्यतः ॲक्रोपोरा या फांद्यांच्या आणि झटपट वाढणाऱ्या प्रवाळांची होती, जे उष्णतेला, लाटांना आणि तारामाशाला सर्वांत आधी बळी पडतात. २०२४ च्या विरंजनानंतर उत्तर भागातील आच्छादन एका वर्षात जवळपास चतुर्थांशाने आणि दक्षिणेकडचे सुमारे ३० टक्क्यांनी घटले. टक्केवारीच्या जोडीला प्रजातींची नोंद नसती, तर ही घसरण अनाकलनीय ठरली असती.

भारतात मन्नारच्या आखातातील भित्तींतून चुन्यासाठी वर्षानुवर्षे प्रवाळ खणून काढले गेले, इतके की तेथील दोन लहान बेटे पाण्याखाली गेली. २००१ मध्ये भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्यावर असे खणणे कायद्याने पूर्ण निषिद्ध झाले. महाराष्ट्रात मालवणच्या गढूळ पाण्यातही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ तग धरून आहेत आणि त्या परिसराला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तेथे विरंजन, रोग आणि पर्यटक पाणबुड्यांच्या धक्क्यांनी होणारी मोडतोड नोंदवली आहे. कोकणच्या किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर, आंग्रे घराण्याचे नाव धारण करणारे आंग्रिया बँक हे बुडित पठार आहे, ज्याची वैज्ञानिक पाहणी अलीकडेच सुरू झाली. या दोन्ही ठिकाणी आज होणारी प्रत्येक नोंद आउआच्या १९१७ च्या नोंदीइतकी मोलाची आहे, आणि ती तितक्याच स्पष्टपणे लिहिली गेली पाहिजे.

भारतातील दीर्घ मालिका लक्षद्वीपची आहे. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी १९९८ च्या विरंजनापासून अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील भित्तींवर उतरत आले आहेत. त्यांच्या नोंदींनुसार १९९८ ते २०२२ या काळात प्रवाळांचे आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आत आले. या काळात १९९८, २०१० आणि २०१६ अशी तीन मोठी विरंजने झाली. प्रत्येक वेळी मृत्यूचे प्रमाण आधीपेक्षा कमी राहिले, पण सावरण्याचा वेगही मंदावत गेला, आणि विरंजनाविना सहा वर्षे लोटल्यावरच तो वेग लक्षणीय वाढतो, असे आढळले. पहिल्या दोन विरंजनांमध्ये बारा वर्षांचे अंतर होते, दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये सहा वर्षांचे, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ पुन्हा पांढरे पडले.